विश्लेषण : आरोग्य विमा सक्तीचा करायचा, तर सक्ती नेमकी कोणावर?

तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टच्या खर्चात वाटा का उचलायचा? गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत हा वाद कधी ना कधी रंगतोच. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्व सभासदांनी तिच्या देखभालीचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. सक्तीच्या आरोग्य विम्याचा वादही मुळात हाच आहे. फरक एवढाच, की इथे लिफ्टच्या जागी रुग्णालयाचे बिल आहे आणि आज तळमजल्यावर असलेला माणूस उद्या सातव्या मजल्यावर जाऊ शकतो.

२०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत हा विषय दोन देशांत दोन वाटांनी पुढे आला. भारताने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी शून्यावर आणला. हेतू हा, की विमा स्वस्त झाला तर लोक स्वतःहून काढतील. तिकडे अमेरिकेत विम्याच्या हप्त्यावरील सरकारी सवलत सुरू ठेवण्यावरून १ ऑक्टोबरपासून तब्बल ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले. सगळ्यांना विम्याखाली आणायचे, तर सवलत पुरेशी आहे की सक्तीच हवी? आणि सक्ती करायची, तर ती फक्त नागरिकांवर का?

विमा सक्तीचा करा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद काय?

विम्याचे गणित साधे आहे. अनेकांनी थोडे थोडे पैसे जमा करायचे आणि ज्या थोड्यांवर संकट येईल, त्यांचे बिल त्यातून भरायचे. पण आरोग्य विम्यात एक अडचण असते. कोणाला विम्याची गरज लवकर पडणार, याचा अंदाज माणसाला स्वतःला बऱ्यापैकी असतो. मधुमेह असलेला पंचावन्न वर्षांचा माणूस पॉलिसी घ्यायला उत्सुक असतो. जिमला जाणारा पंचविशीतला तरुण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गटात १०० माणसे आहेत. त्यातल्या ८० निरोगी माणसांवर वर्षाला सरासरी प्रत्येकी ४ हजार रुपये खर्च होतो, तर २० आजारी माणसांवर प्रत्येकी ४० हजार. एकूण खर्च ११ लाख २० हजार. सगळे सहभागी झाले तर प्रत्येकाचा हप्ता ११,२०० रुपये. आता निरोगी माणसांपैकी निम्म्यांनी विचार केला, ‘आपला खर्च चार हजारांचा, मग अकरा हजार का भरायचे?’ ते ४० जण बाहेर पडले. उरलेल्या ६० जणांचा खर्च ९ लाख ६० हजार, म्हणजे हप्ता १६ हजार. हा आकडा बघून आणखी ३० निरोगी माणसे गेली. आता ३० जण उरले आणि हप्ता २८ हजारांवर पोहोचला. शेवटी फक्त २० आजारी माणसे राहतात आणि त्यांना ४० हजार भरावे लागतात. म्हणजे विमा असून नसल्यासारखा.

अर्थशास्त्रात याला ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. यातून वाचण्यासाठी विमा कंपन्या काय करतात, हे पॉलिसी घेताना आपण अनुभवतो. वैद्यकीय तपासणी, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ, वयानुसार वाढणारा हप्ता आणि कधी थेट नकार. थोडक्यात, ज्याला विम्याची गरज सर्वाधिक, त्यालाच तो मिळणे सर्वांत अवघड. सगळ्यांना सक्ती केली तर ही चाळणी लावण्याचे कारणच उरत नाही, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा आहे.

विरोधकांचे म्हणणे काय?

विरोधाचे मुद्दे दोन वेगवेगळ्या दिशांनी येतात. पहिला स्वातंत्र्याचा. सरकार माझ्याकडून कर घेऊ शकते. पण एखाद्या खासगी कंपनीचे उत्पादन विकत घ्यायला मला भाग कसे पाडू शकते? तरुण, कमी पगाराच्या माणसाने सधन ज्येष्ठाच्या उपचाराचा भार का उचलायचा?

दुसरा मुद्दा बरोबर उलट्या बाजूचा आहे. आरोग्यसेवा ही सरकारची जबाबदारी असताना ती विम्याच्या नावाखाली नागरिकाच्या खिशावर ढकलली जाते. सरकारी रुग्णालये नीट चालवली, औषधे मोफत दिली, तर विमा कशाला हवा? भारतातील आरोग्य चळवळींचा आक्षेप बहुतांशी या प्रकारचा असतो. अमेरिकेतील गाजलेला आक्षेप मात्र पहिल्या प्रकारचा होता.

अमेरिकेत सक्ती कशी आली?

गंमत म्हणजे, प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना तिथे आधी उजव्या विचारांच्या गोटातून आली. हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने १९८९ मध्ये ती मांडली होती. तर्क जबाबदारीचा होता. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. मग विमा न काढणाऱ्याचे बुडीत बिल शेवटी बाकीच्यांच्याच खिशातून जाते. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात ही सक्ती प्रत्यक्षात आली.

पुढे बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती देशभर नेली. ‘ओबामाकेअर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याची रचना एमआयटीतील अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर तिपाईच्या उपमेने समजावून सांगत. पहिला पाय म्हणजे विमा कंपनीने आजारी माणसाला नाकारायचे नाही आणि त्याच्याकडून जास्त पैसेही घ्यायचे नाहीत. दुसरा, प्रत्येकाने विमा घ्यायचा. तिसरा, ज्याला परवडत नाही त्याच्या हप्त्याचा भार सरकारने उचलायचा. यातला एक जरी पाय काढला तरी तिपाई पडते, असे मानले जात होते.

२०१४ पासून सक्ती लागू झाली. विमा नसल्यास प्राप्तिकर विवरणपत्र भरताना दंड द्यावा लागे. पहिल्या वर्षी तो ९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या १ टक्का, यातील जी रक्कम जास्त असेल ती. २०१६ मध्ये तो प्रत्येक प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत गेला. २०१० मध्ये सुमारे पावणेपाच कोटी अमेरिकी नागरिकांकडे विमा नव्हता. २०१६ पर्यंत ही संख्या तीन कोटींच्या खाली आली. त्यात गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेच्या विस्ताराचा वाटाही मोठा होता.

सर्वोच्च न्यायालयात ब्रोकोली कशी पोहोचली?

कायदा मंजूर होताच तो न्यायालयात गेला. मार्च २०१२ मधील सुनावणीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी विचारलेला प्रश्न आजही उद्धृत होतो. अन्न तर प्रत्येकालाच लागते, मग सरकार उद्या लोकांना ब्रोकोली विकत घ्यायला लावू शकेल का, असा त्याचा आशय होता.

२८ जून २०१२ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सक्ती वैध ठरवली, पण वेगळ्याच कारणाने. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले की, व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकारात नागरिकाला एखादी वस्तू विकत घेण्याचा हुकूम देता येत नाही. मात्र, विमा नसलेल्यावर कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे आणि हा दंड म्हणजे तसा करच आहे. ‘घ्याच’ असे सांगता येत नाही, ‘न घेतल्यास कर भरा’ असे सांगता येते. हा फरक शब्दांचा वाटेल, पण सक्तीची ताकद शेवटी कर वसूल करणाऱ्या यंत्रणेइतकीच असते, हे त्यातून स्पष्ट झाले. भारताचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा लागेल.

दंड शून्य झाल्यावर काय झाले?

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात, डिसेंबर २०१७ मधील करकायद्याने हा दंड २०१९ पासून शून्य केला. म्हणजे सक्ती कागदावर राहिली, शिक्षा गेली. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने तेव्हा इशारा दिला होता की, २०२७ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या १ कोटी ३० लाखांनी वाढेल आणि वैयक्तिक विम्याचे हप्ते सुमारे १० टक्क्यांनी चढे राहतील. दंडच नसेल तर संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरतो, असा दावाही करण्यात आला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला, कारण शून्य दंडामुळे दावेदारांचे नुकसानच होत नव्हते.

मात्र, दंड गेल्यावर बाजार कोसळला नाही. उलट, २०२१ मध्ये जो बायडेन सरकारने हप्त्यावरील सवलत वाढवल्यानंतर सरकारी विमा बाजारपेठेतील नोंदणी सुमारे १ कोटी २० लाखांवरून २०२५ मध्ये २ कोटी ४० लाखांच्या घरात गेली. काठी बाजूला ठेवली तरी गूळ पुरेसा असेल, तर माणसे येतात, असा याचा अर्थ.

पण गुळाला पैसे लागतात. ही वाढीव सवलत २०२५ अखेरपर्यंतच होती. ती पुढे चालू ठेवावी, ही डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी ४३ दिवसांच्या कोंडीच्या मुळाशी होती. मागणी मान्य न होताच १२ नोव्हेंबरला कोंडी सुटली आणि वर्ष संपताना सवलतही संपली. दरम्यान मॅसॅच्युसेट्ससह कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड ही राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांनी आपापल्या पातळीवर दंडासह सक्ती कायम ठेवली आहे.

विम्याने खरेच जीव वाचतात का?

या प्रश्नाचे उत्तर एका सरकारी टंचाईमुळे मिळाले. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने, विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या कुटुंबांना पत्रे पाठवायचे ठरवले. तुम्ही दंड भरला आहे, विमा कसा घ्यायचा त्याची माहिती ही, असा मजकूर होता. अशी कुटुंबे सुमारे ४५ लाख होती, पण पैसे ३९ लाख पत्रांपुरतेच होते. त्यामुळे कोणाला पत्र जाईल आणि कोणाला नाही, हे सोडत काढल्यासारखे ठरवले गेले. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला.

जेकब गोल्डिन, इथाई ल्युरी आणि जॅनेट मॅकबिन यांनी दोन्ही गटांची तुलना केली. पत्र मिळालेल्यांत विमा घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. इतकेच नव्हे, तर आधी विमा नसलेल्या ४५ ते ६४ वयोगटात दर १,६४८ पत्रांमागे पुढील दोन वर्षांत साधारण एक मृत्यू टळल्याचे दिसले. एका साध्या पत्राचा हा परिणाम होता. विमा असला की माणूस दुखणे अंगावर काढत नाही, वेळेवर डॉक्टरकडे जातो, हे त्यामागचे कारण असू शकते. सक्तीचा वाद स्वातंत्र्य आणि तत्त्वांभोवती फिरतो. विमा नसण्याची किंमत मात्र अशी मोजावी लागते.

युरोपातील सक्ती वेगळी कशी?

जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा सुरू झाला. आज तिथे सार्वजनिक विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के असून तो कर्मचारी आणि मालक निम्मा निम्मा भरतात. त्यावर थोडी अतिरिक्त वर्गणी असते. आजारी माणसाला जास्त हप्ता नाही. जास्त पगार असलेल्याला, ठरावीक मर्यादेपर्यंत, जास्त वर्गणी. शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्या मराठी मुलांना याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात येतो, कारण आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात प्रवेशच निश्चित होत नाही. इतकेच काय, शेंगेन व्हिसावर युरोप सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने किमान ३० हजार युरोंचे विमा संरक्षण घेतलेले असते. म्हणजे सक्तीचा आरोग्य विमा आपल्याकडच्या अनेकांनी नकळत काढलेला आहे.

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाने तीन महिन्यांच्या आत मूलभूत विमा घेणे बंधनकारक आहे. विमा खासगी कंपन्याच देतात. पण मूलभूत विम्यासाठी त्यांना कोणालाही नाकारता येत नाही, त्यावर नफा कमावता येत नाही आणि एकाच भागातील तीस वर्षांच्या व ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच योजनेसाठी वेगळा दर लावता येत नाही. तरीही सारे सुरळीत आहे असे नाही. २०२५ मध्ये तिथला सरासरी मासिक हप्ता सुमारे ३७९ फ्रँकवर गेला. हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, हा प्रस्ताव जून २०२४ च्या सार्वमतात नागरिकांनीच नाकारला, कारण वरचा भार शेवटी करातूनच भरावा लागला असता.

या दोन्ही देशांत एक गोष्ट समान आहे. नागरिकाला ‘विमा घे’ असे सांगण्याआधी किंवा निदान त्याच वेळी, विमा देणाऱ्याला ‘नाकारू नकोस’ असे बजावलेले आहे.

भारतात सक्ती आहे का?

आहे आणि जुनी आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. हीच आपली ‘ईएसआय’. ती लागू असलेल्या आस्थापनांत २१ हजार रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. वेतन २० हजार असेल तर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५० रुपये. कामगाराचे वय किती, त्याला रक्तदाब आहे का, आईला आधी कर्करोग झाला होता का, असे काही विचारले जात नाही. बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, आजारपणाच्या रजेतील भत्ता हे सारे त्यात येते. खासगी पॉलिसीत इतक्या पैशांत हे मिळणे अशक्य. ईएसआय रुग्णालयांतील गर्दी, डॉक्टरांची रिक्त पदे या तक्रारी खऱ्या आहेत. पण तत्त्व म्हणून ही तिपाई तीनही पायांवर उभी आहे.

तिची कड मात्र धारदार आहे. पगार वाढून २२ हजार झाला, की वर्गणीची ती सहामाही संपताच कामगार योजनेबाहेर जातो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून ठरलेली आहे. पगारवाढीने आरोग्याचे छत्र जावे, असा हा प्रकार.

सक्तीचा दुसरा प्रयोग करोनाकाळातला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीतून उद्योगांना सवलत देताना केंद्रीय गृह मंत्रालयाने कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक असल्याची अट घातली होती. हुकूम निघाला, पण लहान कारखान्याने तो कोणत्या पैशांतून पाळायचा आणि न पाळल्यास काय, याची यंत्रणा त्यासोबत उभी राहिली नाही.

तिसरे उदाहरण रस्त्यावर रोज दिसते. वाहनाचा ‘थर्ड पार्टी’ विमा कायद्याने सक्तीचा आहे, नसेल तर दंड आहे, पकडायला पोलीस आहेत. तरीही देशातील सुमारे निम्मी वाहने विम्याविना धावतात.

मग महाराष्ट्रात आणि देशात विम्याबाहेर कोण आहे?

देशातील गरीब ४० टक्के कुटुंबांसाठी सप्टेंबर २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न बघता, त्यात घेतले गेले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू केलेल्या जीवनदायी योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. २०२३ मध्ये तिचे छत्र पाच लाखांपर्यंत वाढवून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुले करण्याचा निर्णय झाला. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत रहिवाशांना कुटुंबाच्या आकारानुसार अडीच ते चार लाखांचे संरक्षण आहे.

म्हणजे कागदावर महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रत्येकाला, सक्तीशिवाय, काही ना काही विमा आहेच. पण या योजना ठरावीक उपचारांसाठी आणि ठरावीक रुग्णालयांत चालतात. जवळचे रुग्णालय यादीत नसेल किंवा पॅकेजचा दर परवडत नाही म्हणून ते उत्सुक नसेल, तर पिवळे-केशरी कार्ड आणि पांढरे कार्ड दोन्ही सारखेच निरुपयोगी. साधा ताप, रक्ततपासणी, रोजच्या गोळ्या यांचा खर्च तर बहुतेक योजनांबाहेरच राहतो.

नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात देशातील किमान ३० टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ४० कोटींना, कोणतेच आर्थिक आरोग्य संरक्षण नसल्याचे म्हटले होते. छोटे दुकानदार, रिक्षाचालक, स्वयंरोजगार करणारे, बागायतदार हा तो वर्ग. सरकारी योजनेसाठी पुरेसा गरीब नाही आणि खासगी पॉलिसीसाठी पुरेसा सधन नाही. आयोगाने या वर्गासाठी स्वस्त, ऐच्छिक विम्याचा पर्याय सुचवला. तो ऐच्छिक असेल तर आजारी माणसेच आधी येतील, हा धोकाही त्यात आहेच. इथेच सक्तीचा विषय पुन्हा डोके वर काढतो.

उद्या सर्वांना सक्ती केली तर अडेल कुठे?

पहिली अडचण वसुलीची. अमेरिकेने दंड प्राप्तिकर विवरणपत्रातून वसूल केला. आपल्याकडे ३१ जुलै २०२४ च्या मुदतीपर्यंत दाखल झालेली विवरणपत्रे होती सुमारे ७ कोटी २८ लाख. १४० कोटींच्या देशात दंडाची नोटीस पाठवायला बहुतेकांचा पत्ता प्राप्तिकर खात्याकडे नाहीच. मग दंड नोकरदारालाच बसेल, ज्याच्याकडे बहुधा कंपनीचा समूह विमा आधीच असतो.

दुसरी अडचण विश्वासाची. विमा नियामकाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे आले, त्यातील सुमारे ८३ हजार कोटी, म्हणजे ७१ टक्के रक्कम दिली गेली. उरलेल्यांत काही दावे फेटाळले गेले, काहींच्या रकमेला कात्री लागली, काही प्रलंबित राहिले. हप्ता सक्तीचा आणि दावा मात्र मर्जीचा, असा अनुभव आला तर लोक त्याला विमा म्हणणार नाहीत, आणखी एक कर म्हणतील.

तिसरी अडचण रुग्णालयाच्या बिलाची. खासगी उपचारांच्या दरांवर आपल्याकडे सर्वसाधारण नियंत्रण नाही. सगळ्यांच्या हातात विमा आला आणि दर मोकळे राहिले, तर बिल फुगेल आणि त्यामागून हप्ताही. दर बांधता येत नाहीत असे नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर ठरवून दिले होते. साथ ओसरली आणि ती व्यवस्थाही गेली.

विमा कंपन्यांवर आज कोणती बंधने आहेत?

पॉलिसीधारकांनी लक्षात ठेवावेत असे काही नियम २०२४ पासून बदलले आहेत. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो, पूर्वी तो चार होता. पाच वर्षे सलग पॉलिसी चालवल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते.

ही पावले स्वागतार्ह आहेत, पण तिपाईचा पहिला पाय अजून उभा नाही. आजार बघून नवी पॉलिसी नाकारण्याची मुभा कंपनीला आजही आहे. अशा स्थितीत सर्वांना सक्ती केली, तर ज्याला चार कंपन्यांनी नाकारले त्या मधुमेही रिक्षाचालकाला आपण पाचव्यांदा दंड करणार का?

मग सक्ती कोणावर?

सक्तीच्या बाजूचे गणित खोटे नाही. निरोगी माणसे बाहेर राहिली तर आजारी माणसाला विमा परवडत नाही, हे वरच्या उदाहरणात दिसले. पण जिथे सक्ती टिकली, तिथे ती एकट्या नागरिकावर नव्हती. विमा देणाऱ्यावर नाकारू नये याची, रुग्णालयावर दरांची आणि सरकारवर पैसे घालण्याची सक्ती सोबत होती. अमेरिकेचा अनुभव तर असा, की दंड शून्य झाला तरी व्यवस्था तगली. सवलतीवर गदा आली तेव्हा सरकारच ठप्प झाले.

आपल्याकडे सरकारवरच्या सक्तीचे मोजमापही उपलब्ध आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या वर्षांतही, तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला, ही मोठी घट आहे. तरीही दर १०० रुपयांतले ३९ रुपये घरातूनच जातात.

त्यामुळे सुरुवात करायची तर ती जिथे यंत्रणा आधीच आहे तिथून करता येईल. ईएसआयची २१ हजारांची मर्यादा वाढवणे, स्वयंरोजगार करणाऱ्यांना उत्पन्नानुसार वर्गणी भरून त्यात येऊ देणे, एक मूलभूत पॉलिसी अशी ठरवणे जी कोणालाच नाकारता येणार नाही. एवढे झाल्यावर ‘प्रत्येकाने विमा घ्यावा’ हा नियम लोकांना जुलूम वाटणार नाही. लिफ्टचा खर्च तळमजल्यावरच्याकडूनही घ्यावा, हे उपविधीत लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच्याकडे पावती घेऊन जाण्याआधी लिफ्ट चालू असावी लागते आणि तिचे दार सगळ्यांसाठी उघडावे लागते.